मागास म्हणजे नक्की कशाच्या मागे?

मंडळी, या विकांताला जरा जड विषय घेतोय. चहा घेऊन बसा.

'मागास' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्या पोटात एक रस्ता दडलाय हे लक्षातच येत नाही. मागास म्हणजे मागे राहिलेला. पण मागे राहायचं तर आधी सगळे एकाच रस्त्यानं, एकाच दिशेनं चालले पाहिजेत. कुणीतरी पुढे पाहिजे. आणि कोण किती मागे हे ठरवणारा एक माणूस रस्त्याच्या कडेला वही घेऊन उभा पाहिजे. हा रस्ता आखला कोणी, आणि ती वही कोणाची? गेले काही महिने हाच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा लेख.

निमित्त घरचंच आहे. माझं आजोळ कळमनुरीकडचं. नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की वारंगा फाटा लागतो. नागपूर-तुळजापूरचा महामार्ग इथं हिंगोली-नांदेड रस्त्याला भेटतो. बाहेरच्या लोकांना हा फाटा फारतर तिथल्या खिचडीमुळे ठाऊक असतो. पण या भागात रस्ता सोडून थोडं आत गेलं की बंजारा समाजाचे तांडे लागतात. २ सप्टेंबर २०२५ ला मराठा आरक्षणाच्या संदर्भात हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय निघाला, आणि लगेच त्याच महिन्यात बीड, जालना अशा ठिकाणी बंजारा समाजाचे मोठे मोर्चे निघाले. मागणी अशी की त्याच गॅझेटात आमची नोंद जमात म्हणून आहे, तर आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या.

ही मागणी बरोबर की चूक, या वादात मी इथं पडणार नाही. मला वेगळीच गोष्ट खटकते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी, कुठल्यातरी हिशोबानं, एका समाजापुढे एक शब्द लिहिला. आज त्याच समाजाच्या पोरांना नोकरीसाठी तो शब्द शोधत जुनी दप्तरं उपसावी लागतात. तो हिशोब काय होता, ते तरी बघू.

आधी तांडा म्हणजे काय ते. बंजारे (आपल्याकडे लमाणही म्हणतात) हे या देशाचे मालवाहतूकदार होते. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य शेकडो मैल न्यायचं, याला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. मोगल फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा त्यांचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर यायचं. १८०३ साली आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढला, त्या मोहिमेतही त्याची भिस्त बंजाऱ्यांवर होती. म्हणजे रस्ता नीट नसताना देशाला जोडून ठेवणारी ही माणसं. आजच्या भाषेत लॉजिस्टिक्स.

मग १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत रुळांचं जाळं मराठवाड्यापर्यंत पोचलं. मिठावर सरकारची मक्तेदारी आणि कर आला. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी ब्रिटिश मुलखातली चराईची रानं बंद होत गेली. लदेणी बसली. रेल्वे आली ही प्रगतीच, मी नाही म्हणत नाही. पण त्या प्रगतीत ज्याचा धंदा बुडाला त्याच्याबद्दल सरकारी कागदावर काय लिहिलं गेलं ते बघण्यासारखं आहे. 'याचा धंदा आपल्यामुळे गेला' असं कुणी लिहिलं नाही. लिहिलं ते असं, की हे लोक भटके आहेत, एका जागी टिकत नाहीत, म्हणून संशयित आहेत.

ही विचार करायची पद्धत त्याआधीच तयार होत होती, आणि तिचा एक धागा थेट हिंगोलीतून जातो.

हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौज नावाला निजामाची, पण अधिकारी इंग्रज. याच फौजेत फिलिप मेडोज टेलर होता. त्यानं १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली आणि ती इंग्लंडात तुफान खपली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीची एक हकिकत आहे. हरिसिंग नावाचा एक माणूस हिंगोलीच्या छावणीत कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी म्हणून राहत होता, आणि तोच ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड आणायचंय असं सांगून त्यानं साहेबाकडून रीतसर परवाना काढला. मग वाटेत त्या कापडाच्या खऱ्या मालकाला आणि त्याच्या माणसांना मारलं, आणि त्याच परवान्यावर माल छावणीत आणून राजरोस विकला!

आता गंमत बघा. या गोष्टीतला गुन्हेगार भटका नाही, रानातला नाही. बाजारात दुकान असलेला, साहेबाच्या ओळखीचा माणूस आहे. गोष्टीतून सरळ धडा काढायचा तर तो 'परवाने नीट तपासा' असा निघतो. सरकारनं काढलेला धडा वेगळा होता. १८३६ साली कायदा झाला की ठगांच्या टोळीत कधीकाळी असल्याचं सिद्ध झालं की जन्मठेप. अमुक खून यानंच केला हे दाखवायची गरज नाही. म्हणजे 'काय केलं' याच्या जागी 'कोण आहे' हा प्रश्न आला.

'कोण आहे' हे ओळखायचं कसं? त्या काळी युरोपात कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारं एक शास्त्र जोरात होतं. सागर इथं फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या हेन्री स्प्राय नावाच्या डॉक्टरानं १८३३ साली एडिंबरोच्या कवटीशास्त्र मंडळाला पाठवल्या. तिथं विद्वानांनी त्या मोजून, खुनाची प्रवृत्ती डोक्यात नेमकी कुठं असते यावर लेख लिहिले. आज आपण हसतो. पण तेव्हा ते 'सायन्स' होतं, मोजमाप होतं, आकडे होते. (आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे जरा लक्षात ठेवावं. आकडे आहेत म्हणजे प्रश्न बरोबर होता असं नसतं.)

इथं थोडं युरोपात डोकावू, कारण शिडी तिकडे बनली. अठराव्या शतकात ॲडम स्मिथसारखे स्कॉटिश विचारवंत म्हणत की मानवी समाज पायऱ्या चढत जातो: आधी शिकार, मग गुरं, मग शेती, मग व्यापार. ही कल्पना मुळात उदार होती. सगळी माणसं सारखीच, कुणी आज खाली आहे, उद्या वर येईल. जेम्स मिलनं १८१७ साली भारताचा जाडजूड इतिहास लिहिला आणि हिंदुस्थानाला या शिडीवर बऱ्यापैकी खाली बसवलं. हा गृहस्थ आयुष्यात भारतात आला नव्हता. त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल, स्वातंत्र्याचा मोठा पुरस्कर्ता, १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता. १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त त्यानं सुरुवातीलाच एक अट घालून ठेवली: ही स्वातंत्र्याची तत्त्वं मागास अवस्थेतल्या समाजांना लागू नाहीत, त्यांच्यासाठी हुकूमशाही चालेल, हेतू फक्त सुधारणेचा हवा. बघा, आपला 'मागास' इथं भेटला. तेव्हा तो सवलतीसाठी नव्हता, हक्क नाकारण्यासाठी होता.

१८७७ साली अमेरिकेत लुईस हेन्री मॉर्गननं शिडी अगदी पक्की केली. रानटी अवस्थेच्या तीन पायऱ्या, त्यापुढच्या अर्धसुधारलेल्या अवस्थेच्या तीन, आणि वर सुधारणा. एकूण सात. तोवर दुसरी एक कल्पना तिला येऊन चिकटली होती, वंशाची. नुसती शिडी म्हणते की तू आज खाली आहेस. वंश म्हणतो की तू रक्तानंच खालचा आहेस, तुला चढता यायचं नाही. तसं बघितलं तर या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत. पण साम्राज्याला दोन्ही हव्या होत्या. आम्ही इथं का आलो याचं उत्तर शिडी देत होती, आणि अजून का गेलो नाही याचं उत्तर वंश देत होता.

या दोन्हींचं लग्न भारतात ज्या कागदावर लागलं तो म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. युक्तिवाद असा, की हिंदुस्थानात धंदे जातीनं चालतात, सुताराचा पोरगा सुतार, तर चोराच्या जमातीत जन्मलेला चोरच. आधी उत्तर हिंदुस्थानात, १८७६ ला बंगालात, आणि १९११ ला मुंबई-मद्रास इलाख्यांत हा कायदा लागू झाला. हैदराबाद संस्थानानंही आपला तसाच कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा, बंजाऱ्यांचे काही गट, वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या याद्या. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, पोलीस पाटलाकडे हजेरी लावायची, गावाबाहेर जायला पास घ्यायचा. ज्यांचा जन्मच वाटेवर गेला त्यांना पास! सोलापुरात तारेच्या कुंपणाआड मोठी सेटलमेंट होती. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. याला सरकारी भाषेत सुधारणा म्हणत.

मोजणी चालूच होती. हर्बर्ट रिस्लेनं १८९१ साली नाकाची रुंदी आणि जातीचा दर्जा यांचं नातं मांडलं: नाक जितकं रुंद तितकी जात खाली. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता, आणि त्या जनगणनेत जातींची उतरंड लावायचा घाट घातला गेला. पाटी घेऊन साहेब उभा राहिल्यावर आपलेही लोक 'आमचा नंबर वर लावा' म्हणून अर्ज करू लागले. शिडी एकदा मान्य केली की भांडण फक्त पायरीवरून उरतं.

या मोजणीला शास्त्राच्याच भाषेत उत्तर देणारी माणसं मराठी होती, आणि हे शाळेत कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं.

पहिले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. केंब्रिजला शिकून आले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. १९३२ च्या जात आणि वंश यांवरच्या पुस्तकात त्यांनी रिस्लेचेच आकडे पुन्हा तपासले. नाकाचं आणि जातीचं नातं उत्तरेत काही ठिकाणी दिसतं, पण महाराष्ट्रात, दक्षिणेत ते टिकत नाही, असं त्यांनी दाखवलं. दुसरे डॉ. आंबेडकर. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी ही मापं घेऊन साहेबाचाच डाव उलटवला. मोजमापाला शास्त्र मानत असाल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत हेच ते शास्त्र सांगतं. मग अस्पृश्यता रक्तात नाही, इतिहासात शोधा.

तिसऱ्या इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएच. डी. ला गेल्या. हा फिशर १९०८ साली जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेऊन आलेला, आणि पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा एक खांब झालेला माणूस. त्याची कल्पना होती की गोऱ्या युरोपियनांची कवटी एका बाजूला जास्त भरलेली असते आणि त्यांची बुद्धी त्यामुळे वरचढ असते. हे तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. परक्या देशात, गाईडची लाडकी कल्पना, आणि समोर १४९ कवट्या. त्यांनी त्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही. गाईडला काय हवंय हे ठाऊक असताना! पुढे भारतात येऊनही त्यांनी वर्षानुवर्षं जातीजमातींची मापं घेतली, हेही सांगायला हवं. पण त्यांचा प्रश्न 'कोण कुठून आलं, कोणाचं कोणाशी नातं' असा होता. 'कोण वरचढ' हा प्रश्न त्यांनी बर्लिनमध्येच निकालात काढला होता.

म्हणजे शास्त्राच्या अंगानं वंशाची गोष्ट स्वातंत्र्यापर्यंत मोडली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदाही गेला. हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या मनातली यादी तशीच राहिली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७) ज्यांनी वाचलंय त्यांना जास्त सांगायला नको. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की तुरुंगाच्या नियमावलीत विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणारी कलमं घटनाबाह्य आहेत. २०२४ ला!

आणि शिडी? ती तर मोडलीच नाही. १९६५ च्या लोकूर समितीनं अनुसूचित जमात ओळखायचे पाच निकष दिले: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक दुरावा, बाहेरच्यांशी संपर्क टाळणारा बुजरेपणा, आणि मागासलेपण. आजही हेच निकष धरले जातात. मॉर्गनच्या सात पायऱ्या सरकारी फायलीत येऊन पाच रकाने झाल्या.

आता हे रकाने बंजाऱ्यांना लावून बघा. ज्यांचा धंदाच बाहेरच्यांशी संपर्क हा होता, ज्यांनी मोगलांपासून वेलस्लीपर्यंत सगळ्यांना धान्य पुरवलं, त्यांनी बुजरेपणा सिद्ध करायचा? याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री होते. त्यांच्या भावकीनं आदिम लक्षणं दाखवायची?

बरं, उत्तर तरी एक आहे का? निजामाचं राज्य १९५६ ला भाषेप्रमाणे तिघांत वाटलं गेलं. आज तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत, आणि आपल्याकडे बंजारा विमुक्त जातीत, म्हणजे व्हीजे (अ). बोली तीच, देव तेच, सोयरिकीही होतात. एकाच टेबलाचा डेटा तीन सिस्टीममध्ये मायग्रेट केला आणि तिन्हीकडे एकाच रकान्यात वेगवेगळी किंमत पडली, तर आम्ही म्हणतो की डेटा चुकला नाही, रकानाच चुकीचा आहे.

'मग आरक्षणच नको' असा अर्थ कुणी काढेल, म्हणून स्पष्ट सांगतो. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. तांड्यावरचा पोरगा आज शिक्षणात, जमिनीत, नोकरीत कमी पडतो हे खरं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत बंजारा कुटुंबं किती असतात ते मराठवाड्यात कुणालाही विचारा. पण तो कमी पडतो याचं कारण त्याचा समाज प्रगतीच्या रस्त्यावर सावकाश चालला, हे नाही. त्याची लदेणी गेली, चराई गेली, वर गुन्हेगाराचा शिक्का बसला. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना तारीख आहे, कायद्याचा नंबर आहे. हे देणं आहे. देणेकऱ्यानं धनकोला 'तू किती आदिम आहेस ते आधी दाखव' म्हणायचं, ही कुठली रीत?

बाळकृष्ण रेणके आणि भिकू इदाते या दोन मराठी माणसांच्या अध्यक्षतेखाली भटक्या-विमुक्तांसाठी राष्ट्रीय आयोग झाले. रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा आहे. अहवाल पडून आहेत, आणि समाज मात्र निजामाच्या गॅझेटात आपलं नाव शोधतोय. त्याला दोष कसा देणार? खिडकीवर जो कागद चालतो तोच माणूस आणतो.

मला एवढंच वाटतं की खिडकीवरचा प्रश्न बदलायला हवा. 'तुम्ही किती मागे आहात?' याऐवजी 'तुमचं काय, कधी आणि कोणी घेतलं?' असा प्रश्न असला, तर त्याचं उत्तर द्यायला कुणाला स्वतःला रानटी म्हणवून घ्यावं लागणार नाही. कवट्या तर लागणारच नाहीत.

असो. लेख फार लांबला. तुमच्या भागातल्या तांड्यांवर, पालांवर जुन्या माणसांकडून लदेणीच्या, हजेरीच्या, पासाच्या आठवणी कुणी ऐकल्या असतील तर जरूर लिहून ठेवा. ती माणसं आता फार थोडी उरलीत, आणि गॅझेटात त्या आठवणी सापडणार नाहीत.